लवकर बाहेर काढणारा खडू

उधव्याच्या नाक्यावर माझं वह्या-पेन्सिलींचं दुकान आहे. २०१८ची दिवाळी झाली आणि डहाणू-तलासरीकडची जमीन हलायला लागली, तेव्हा मी सगळा माल टेबलावर मांडून रस्त्याच्या कडेला आणला. नवरा हसला. म्हटलं, हसा, छत तुमच्याच डोक्यावर पडू दे. आधी जमिनीच्या पोटात सुरुंग उडाल्यासारखा आवाज व्हायचा, मग पायाखालचं सरकायचं.

पण भिण्यात शुक्रीबायचा हात धरणारं कोणी नव्हतं. ही पाड्यावरची वारली बाई, पन्नाशीची, भावाच्या शेजारी राहणारी. पाड्यावरच्या प्रत्येक लग्नात देवीचा चौक तीच लिहायची. लग्नघराच्या आतल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौकट काढायची, तिच्यात पालघट देवी लिहायची. ती झाल्याशिवाय लग्न लागत नाही. एका धक्क्यात तिच्या घराची भिंत कोसळली ती नेमकी खाटेवर, आणि खाटेवरून ती नुकतीच उठली होती. तेव्हापासून ती छताखाली गेली नाही. स्वयंपाक अंगणात, झोप ताडपत्रीखाली. कंगवा हवा झाला तरी भावाच्या मुलीला, जयश्रीला, आत पिटाळायची.

"आणि पोरीच्या डोक्यात कौल पडलं म्हणजे?" मी एकदा विचारलं. त्या दिवसापासून कंगवा बाहेर आला.

फेब्रुवारीत जयश्रीचंच लग्न ठरलं. आत्यानेच चौक लिहायचा, आणि तोही भावाच्या घरात, आत. शुक्रीबायला घास गिळवेना. लग्न लावणाऱ्या धवलेरीला, म्हाताऱ्या देवकीला, तिने विचारून पाहिलं, ताडपत्रीवर लिहिलं तर?

"देवी काय भाजी विकाया बसते, ताडपत्रीवर?" देवकी म्हणाली, आणि विषय संपला.

मग ती माझ्याकडे आली. "रुपल, पिठाने लिवायचा तर अर्धा दिस आत जातो. लवकर होल असा कायतरी दे."

शाळेची मुलं नेतात ते जेल क्रेयॉन मी तिच्यापुढे ठेवले. खालची चकती फिरवली की कांडी वर येते. माझ्याकडे तीन कंपन्यांचे होते, रंगमोर, पिंकी आणि मखमल. तिन्हींतले पांढरे घेऊन आम्ही तिच्या घराच्या उभ्या राहिलेल्या भिंतीकडे गेलो. अर्थात बाहेरच्या बाजूने. तिने गेरू सारवला, वाळू दिला. देवी अशी परीक्षेला लिहीत नाहीत, म्हणून झाडं काढायला घेतली. लग्नाच्या गाण्याचं एक कडवं गुणगुणायचं आणि कडवं संपेपर्यंत झाड पुरं होतं का बघायचं, ही तिची मोजणी.

रंगमोर कडक निघाला. गेरूवर त्याचा पांढरा राखेसारखा दिसायचा, दोनदा गिरवावं लागे, आणि कडवं संपायचं तेव्हा झाडाला नुसतं खोड. पिंकी मऊ होता, रंगही बरा, पण मातीतल्या भुशाने त्याचं टोक खाल्लं. दर फांदीला चकती फिरवा. मखमल मात्र लोण्यासारखा चालला. एका ओढीत पांढराशुभ्र, पानांसकट झाड तयार. मी बोट लावलं तर सगळं बोटाला आलं.

"हा वाळत नाही गं लवकर," मी म्हटलं.

"नाय वाळू दे. तवर मी बाहेर असन."

खडू असा निवडणारी बाई मी दुसरी पाहिली नाही. चित्र कसं दिसेल याच्याशी तिला कर्तव्य नव्हतं. लवकर बाहेर कोण काढतो, एवढंच.

चौकाच्या दिवशी तिने मला भावाच्या घराच्या मागच्या दारात उभं केलं आणि पदराचं टोक माझ्या हातात दिलं. "आवाज आला का वढ." बाकीच्या सवाशिणी अंगणात गात होत्या, आत कोणी पाऊल टाकेना. शुक्रीबायने भराभरा चौकट ओढली, देवीचं अंग, हात काढले. तेवढ्यात जमिनीखालून धडाड्‌ झालं. कौलं खडखडली, वरून माती गळाली. मी पदर ओढला की तिनेच मला ढकललं कोण जाणे, दोघी अंगणात.

"जयश्री कुठं?" कोणीतरी ओरडलं.

हळद लागलेली नवरी अंगणात नव्हती. आम्ही मागून बाहेर पडलो, ती पुढच्या दाराने आत शिरली होती. आत्याला काढायला.

एका धक्क्यामागे दुसरा येतोच, हे तोवर पोराबाळांनाही ठाऊक झालं होतं. कोणी हललं नाही. मीही नाही. शुक्रीबायचे दात वाजत होते, मला ऐकू येत होते. ती तशीच आत गेली आणि पोरीला दंडाला धरून बाहेर घेऊन आली. जयश्रीचे पिवळे हात पांढरे झाले होते. भिंत पडेल म्हणून तिने ती दोन्ही हातांनी धरून ठेवली होती, आणि ओली देवी पार फिसकटली होती.

"माझं लगीन मोडलं," म्हणून ती रडायला लागली.

शुक्रीबायने तिला जवळ घेतलं, तोंड पुसलं, आणि भावजयीला सांगितलं, "तांदूळ वाट."

फिसकटलेलं पुसून तिने भिंत पुन्हा सारवली. पिठाची वाटी आणि बांबूची काडी घेऊन ती भिंतीपुढे चक्क मांडी घालून बसली. मी पदर धरायला दारात गेले. बारीकसा हादरा आला. तिची काडी थांबली, डोळे मिटले, ओठ हलले. ती उठली नाही.

"शुक्रीबाय, भीती गेली का?"

"कुठं जाते? लय भ्याव वाटतं." तिने माझ्या हातातून पदर सोडवून घेतला. "दारात नको उभी राहू, रुपल. आत ये. माझ्याशेजारी बस."

वर कौलांकडे बघत बघत मी आत गेले आणि तिच्या गुडघ्याला गुडघा लावून बसले.