जयरामचा वरचा सूर

नार्वे गावच्या फेरीबोटीवर जयराम खलाशी आहे. बोट धक्क्याला लागली की पुढची लोखंडी फळी खाली सोडायची, गाड्या आत घ्यायच्या, घाई करणाऱ्या स्कूटरवाल्यांवर ओरडायचं आणि फळी परत वर ओढायची, हे काम तो सव्वीस वर्षं करतो आहे. ओरडतानाचा त्याचा आवाज चारचौघांसारखा, उलट जरा घोगराच. त्यामुळे आपला कुणाला संशय येत नाही, असं त्याचं आपलं मत होतं. आपलं गुपित पक्कं झाकलेलं आहे यावर माणसाचा फार विश्वास असतो.

गुपित म्हणजे चोरीमारी नव्हे. जयराम गातो, आणि गातो तो बायकांच्या पट्टीत. बरोबरीच्या पोरांचे आवाज फुटले तेव्हा याचाही फुटला, पण बोलण्यापुरताच. गायला लागला की सूर सरळ काळी पाचवर जाऊन बसायचा, आणि बसायचा तोही कसा, घरच्यासारखा. सोळा वर्षांचा असताना भजनी सप्ताहात त्यानं एक अभंग उचलला. पेटीवर शांताराम होता, वयानं पाच-सहा वर्षांनी मोठा, थट्टेखोर. त्यानं पेटी थांबवली, कुणाच्या तरी बायकोच्या केसांतला अबोलीचा वळेसर मागून घेतला आणि जयरामच्या डोक्यावर ठेवला. "आमचें नवें चेडूं!" म्हणाला. चेडूं म्हणजे पोरगी. मंडप हसला. जयरामही हसला, कारण न हसून सांगतो कुणाला! पण त्या दिवसापासून त्यानं कानाला खडा लावला. गावात पुन्हा गायला नाही.

बोटीच्या इंजिनाच्या आवाजात मात्र गुणगुणायचा. ते एके दिवशी नदीपलीकडच्या दिवाडीच्या आग्नेल मेस्तनं ऐकलं. हे म्हातारे गृहस्थ दिवाडीच्या धक्क्याजवळच्या कपेलात, म्हणजे लहानशा चर्चमध्ये, गाणाऱ्यांना शिकवायचे. चार सुरांचं गाणं त्यांचं, पण वरचा सूर घेणाऱ्या दोघी बहिणींपैकी एक विलायतेला गेली आणि दुसरी लग्न होऊन मडगावला. आता खालचे तीन सूर होते आणि वर छप्परच नव्हतं.

"मेस्त, तो बायलांचो सूर. म्हाका लज दिसता," जयराम म्हणाला.

"सुराक बायल-दादलो खंयचो रे? एक वयलो, एक सकयलो. आमच्या बापायच्या काळार वयलो सूर दादलेच घेताले."

जयरामनं एकच अट घातली, कुणाला सांगायचं नाही. मेस्तनं मान डोलावली. शिवाय सोय अशी की कपेलात गाणारे मागच्या लाकडी माडीवर उभे राहतात आणि लोकांची तोंडं असतात पुढं वेदीकडे. कोण गातंय ते कुणी वळून बघत नाही. दोन वर्षं दर आयतवारी संध्याकाळी जयराम त्या माडीवर गायला. घरी बायकोला, विनोदिनीला, सांगायचा की जादा पाळी लागलीय. आयुष्यात पहिल्यांदा त्याला कुणी हसत नव्हतं. गाऊन परत येताना तो इतका खूश असायचा की स्कूटरवाल्यांवर ओरडायचंही विसरायचा.

एकदा चहाच्या गाड्यावर शांतारामनं सहज विचारलं, "पलतडीर तें वयर कोण गायता रे? बरें गायता हां."

जयरामनं उरलेला चहा संपवला. मग तो म्हणाला, "आसत खंयचें तरी चेडूं."

ज्या एका शब्दापायी तीस वर्षं तोंड मिटून बसला, तोच शब्द त्यानं स्वतःवर पांघरून घेतला. रात्री अंथरुणावर त्याला त्याची लाज वाटली, पण झाकली मूठ सव्वा लाखाची, असं म्हणून त्यानं कूस बदलली.

मग मेस्त आजारी पडले. डिचोलीला लेकीकडे, लुर्दिनकडे, होते. जयराम भेटायला गेला तेव्हा त्यांनी त्याचं मनगट धरलं. "म्हाका फेरीनूच व्हरतले. न्हंयेर गायात. वयलो सूर तूं घे." मेस्तना शेवटचं नेतील तेव्हा नदीवर वरचा सूर घ्यायला जयराम हो म्हणाला. मरणाऱ्या माणसाला नाही कोण म्हणतो! पण तो मनापासून हो म्हणाला होता, हेही खरं.

पंधरा दिवसांनी, दुपारी चारच्या फेरीला, शवपेटीची गाडी नार्वेच्या धक्क्यावर आली. लुर्दिन होती, काळ्या कपड्यांतले गाणारे आठजण होते. आणि धक्क्यावर नार्वेची दहा-बारा माणसं उभी होती. सगळी भजनी मंडळातली. शांताराम तर सरळ बोटीतच चढला आणि कठड्याला टेकून उभा राहिला.

आज गावातल्यांना नेमकं इथंच काय काम होतं? जयरामनं फळी वर ओढली, बोट सुटली.

नदीच्या मध्यावर गाणाऱ्यांनी सुरुवात केली. गाणं मेस्तनंच बसवलेलं होतं. त्यात तिसऱ्या ओळीला एक जागा आहे. खालचे तिन्ही सूर तिथं एकावर थांबतात, आणि वरचा सूर एकटाच चढतो, वळतो आणि खाली येऊन त्यांना मिळतो. ती जागा आली. तिन्ही सूर थांबले. लुर्दिननं मान वर करून जयरामकडे पाहिलं.

जयराम फळीच्या साखळीजवळ उभा होता. शांताराम त्याच्याकडेच बघत होता. मागं धक्क्यावरची माणसंही अजून हलली नव्हती. जयराम खाली वाकला आणि ज्या साखळीला काही झालं नव्हतं ती दोन्ही हातांनी तपासत बसला.

वरच्या सुराच्या जागी इंजिनाचा आवाज तेवढा ऐकू आला. गाणारे धरलेल्या सुरावर दम संपेपर्यंत थांबले, मग चाचपडत पुढच्या ओळीवर गेले. दुसऱ्या कडव्याला तेच, तिसऱ्यालाही तेच. तीनदा त्यांनी त्याच्यासाठी जागा ठेवली आणि तीनदा तो मूग गिळून बसला. दिवाडीला फळी टाकली तेव्हा लुर्दिन त्याच्या शेजारून गेली. या वेळी तिनं मान वर केली नाही. जयरामला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दफन उरकून शांताराम सहाच्या फेरीनं परतला. बोटीत गर्दी नव्हती. तो येऊन साखळीजवळ उभा राहिला.

"तूं कित्याक ओगी रावलो रे?"

"म्हणजे?" जयराम म्हणाला.

"दोन वर्सां आमी आयकतात. आयतारा सांजे वारो ह्या तडीर येता, तुजो आवाज धक्क्यार स्पश्ट पावता. भजन आमी सातांचें साडेसातांर व्हेलें तें कित्याक, अशें तुका दिसलें?"

भजनाची वेळ बदलली ते जयरामला माहीत होतं. कुणाची तरी सोय असेल, एवढंच त्याला वाटलं होतं; सोय त्याचं गाणं पुरं ऐकण्याची होती. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, आणि इथं तर सारा गाव दोन वर्षं पहाटेची वाट बघत बसला होता.

"चहाच्या गाड्यार म्हूण तर विचारलें तुका," शांताराम म्हणाला. "म्हळें, आतां तरी सांगतलो. तुवें सांगलें चेडूं." तो नदीकडे बघू लागला. "तो वळेसर हांवें तुज्या माथ्यार दवरिल्लो. ताची लज म्हाका आसा. आज आमी सगळे धक्क्यार आयिल्ले ते तुका आयकूंक."

ज्यांच्या भीतीनं तो वाकला होता, ती माणसं त्याच्यासाठी आली होती. जयरामला वाटलं, शांतारामनं हसून चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तीस वर्षं त्याला आपल्या आवाजाची लाज वाटत आली होती. आज पहिल्यांदा न गाण्याची वाटली, आणि ही जास्त जड होती. मेस्त काही पुन्हा फेरीत बसणार नव्हते.

घरी विनोदिनीनं ताट मांडलं. शीत वाढलं, त्यावर माशांचं हुमण घातलं. मग पळी तशीच हातात धरून तिनं विचारलं, "मेस्तखातीर तूं गायलो न्हय?"

म्हणजे हिलासुद्धा माहीत होतं. जादा पाळीचा तिनं दोन वर्षांत एकदाही हिशेब विचारला नव्हता, ते का, हे त्याला आत्ता कळलं. तिचा चेहरा उत्सुक होता, जत्रेहून आलेल्या माणसाला विचारावं तसा.

जयरामनं ताटाकडे पाहिलं.

"ना," तो म्हणाला.