वायरिंग चाळीचं, मशीन कंपनीचं

मी मॉड्युलर किचनच्या एका कंत्राटदाराला स्वयंपाकघरांची थ्रीडी चित्रं काढून द्यायचे, घरूनच, काळाचौकीच्या आमच्या खोलीतून. जुन्या लॅपटॉपवर एका चित्रात अख्खी दुपार जायची. म्हणून एका ऑनलाइन कंपनीकडून माझ्या कामापुरता खास जोडलेला कॉम्प्युटर मागवला. आतलं मला काय कळतंय? त्यांच्याच माणसाने फोनवर काम विचारून एकेक पार्ट निवडला होता.

आल्या आल्याच कॉम्प्युटरने रंग दाखवला. मेल वगैरे उघडलं की ठीक. चित्र पक्कं करायला लावलं की फट्कन बंद.

"मॅडम, ॲड्रेस चाळीचा दिसतोय," फोनवरची मुलगी म्हणाली. "व्होल्टेजचा प्रॉब्लेम असणार. वायरिंग चेक करून घ्या ना."

फोन स्पीकरवर होता. सासूबाईंनी ऐकलं. तेव्हापासून मी कामाला बसले की त्या फ्रिज बंद करायच्या, मिक्सर सोडून खलबत्त्यात वाटण कुटायच्या. नवरा माझगावहून, गोदीतून दमून यायचा आणि पंखा न लावता बाहेर गॅलरीत बसून राहायचा. मला कोणी एका शब्दाने बोललं नाही. बोलले असते तर बरं वाटलं असतं. कॉम्प्युटर तरीही बंद पडायचाच, आणि सासूबाई मोरीच्या दारातून विचारायच्या, "माज्यामुळे पडलो काय गो बंद?"

इलेक्ट्रिशियनने लाइन तपासली, काही दोष नव्हता. कंपनीने मशीन नेलं आणि 'तपासलं, ठीक आहे' म्हणून परत पाठवलं. ते पुन्हा बंद पडलं. मग मी म्हटलं, मला हे नकोच, परत घ्या.

"कस्टम आहे ना मॅडम. रिटर्न पॉलिसीत बसत नाही. तुमच्यासाठी बनवलेला आम्ही दुसऱ्या कोणाला विकणार?"

दर वेळी माणूस वेगळा, वाक्य तेच, आणि इतकं गोड की फोन ठेवताना मीच 'थँक यू' म्हणायचे. ऑर्डर देताना त्या अटीवर मीच टिक केली होती. स्वतःच आत शिरून बाहेरची कडी लावून घेतल्यासारखं झालं होतं.

शेवटी नवऱ्याने मशीन टॅक्सीत मांडीवर घेतलं आणि आम्ही लोअर परळला माझ्या भावाच्या ऑफिसात गेलो. चकचकीत टॉवर, एसी, नवं वायरिंग. तिथेही तेच, फट्कन बंद. नवऱ्याने मोबाइलवर शूट केलं. "चला," तो म्हणाला, "आता तरी चाळीला सोडतील."

व्हिडिओ कंपनीला पाठवला, तरी सोडलं नाही. मग मी ग्राहक हेल्पलाइनला फोन लावला. तिथल्या गृहस्थांनी एकच विचारलं, "आवडला नाही म्हणून परत करताय, की बिघडलेला निघाला म्हणून?"

"बिघडलेला."

"मग कस्टम म्हणून हात झटकता येत नाहीत. पॉलिसी मन बदललेल्यांसाठी असते. सदोष मालाला ती ढाल होत नाही."

फोन ठेवल्यावर मी रडले. पण हेल्पलाइनने पाठवलेल्या तक्रारीला कंपनीने पुन्हा 'दुरुस्त करून देऊ' एवढंच उत्तर दिलं, आणि प्रकरण ग्राहक आयोगात गेलं. वकील न घेता मीच उभी राहिले. कधी त्यांचा माणूस यायचा नाही, कधी पुढची तारीख मागायचा. तोवर मशीन विकता येईना, टाकता येईना, कारण आता ते पुरावा होतं. आमच्या एवढ्याशा खोलीत त्याला वळसा घालून आम्ही जेवायला बसायचो. जुन्या लॅपटॉपवर चित्रं वेळेत होईनात. कंत्राटदाराने आधी वाट बघितली, मग म्हणाला, "ताई, तुमचं निपटलं की सांगा," आणि काम दुसऱ्या मुलीला दिलं.

अखेर तडजोडीच्या बैठकीत कंपनी मशीन परत घ्यायला आणि सगळे पैसे द्यायला तयार झाली. मी घरी येऊन सांगितलं, तर सासूबाईंचा पहिला प्रश्न, "चूक आमची नाय होती म्हणान लिवन दिल्यानी काय?"

तसं कोणी लिहून दिलं नव्हतं. उलट कागदावर होतं की कंपनी कुठलाही दोष मान्य करत नाही. मी त्यांना 'हो' म्हणून सांगितलं.

पैसे आले. पण कंत्राटदाराची ती मुलगी चांगलं काम करते, तो कशाला बदलेल? आता मी लोअर परळच्या एका फर्निचर कंपनीत बसून तीच चित्रं काढते, सकाळी कार्ड दाखवून आत, संध्याकाळी कार्ड दाखवून बाहेर. घरी नवा कॉम्प्युटर घ्यायचा विषय नवरा अधूनमधून काढतो. मी बघू म्हणते.