फॉरमॅट न मारता

कुणाच्या लग्नाकार्यात पंगतीला बसले की ओळखीचं कुणीतरी म्हणतंच, "वहिनी, दुकानातला एखादा किस्सा सांगा की." मी काही किस्से जमवायला बसत नाही. पण नारायणगावात कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान टाकलं की ते आपोआप साठतात. माणूस बिघडलेला कॉम्प्युटर टेबलावर ठेवतो आणि त्याच्याबरोबर घरातलं सगळंच सांगून मोकळा होतो.

दुकानात आम्ही दोघं. मी आणि माझा धाकटा दीर महेश. येणाऱ्या बहुतेकांची तक्रार एकच असते. "लई स्लो झालाय. फॉरमॅट मारून टाका." फॉरमॅट म्हणजे आतलं सगळं पुसायचं आणि विंडोज नव्यानं टाकायची. महेशला ते आवडायचं, कारण काम लवकर हातावेगळं होतं. मी म्हणायची, आधी बघू तरी नेमका कशानं स्लो झालाय. पुसायला काय, कधीही पुसता येतं. आमची यावरून रोज वादावादी व्हायची.

*

वारूळवाडीचे शिवाजीअण्णा द्राक्षबागायतदार आहेत. त्यांचा कॉम्प्युटर इतका हळू चालायचा की एक फाईल उघडेपर्यंत माणूस बागेत चक्कर मारून येईल. मी बघितलं तर आत तीन अँटीव्हायरस.

"अण्णा, हे तीन कुणी टाकले?"

"मीच. बागेला बी राखणीला दोन-तीन माणसं ठेवतोच की. एक झोपला तर दुसरा जागा असतो."

मी त्यांना समजावलं, की बाहेरून काही आलं की तिघंही एकदमच त्याच्यावर धावतात. एक जी फाईल तपासतो तीच दुसरा तपासतो, आणि अधूनमधून एकमेकांवरही संशय घेतात. सगळी ताकद त्यातच जाते.

अण्णांनी डोक्यावरची टोपी काढली. "मंजे राखणदार एकमेकांचीच झडती घेत्यात?"

"हो."

"मग आमच्या बागंत बी त्येच चाललंय," अण्णा म्हणाले. मी दोन अँटीव्हायरस काढून एक ठेवला. कॉम्प्युटर पळायला लागला. अण्णा तिथूनच फोन लावत बाहेर पडले, बागेतल्या माणसाला.

*

ओतूरच्या हौसाबाईंची पिठाची गिरणी. मुलाचा कॉम्प्युटर गिरणीला लागूनच्या खोलीत. सकाळी बरा चालायचा, तासाभरानं रेंगाळायचा. त्यांना कुणीतरी सांगितलं होतं, जुना झाला, नवीन घ्या.

चालू केल्यावर ठीक आणि मग हळू, म्हणजे तापत असणार. आतला पंखा हवा देईनासा झाला की प्रोसेसर स्वतःला जपायला आपला वेग कमी करतो. मी बाजूचं झाकण उघडलं. पंखा दिसेचना. त्याच्या जागी पिठाचा गोळा बसला होता, दमटपणानं पार घट्ट झालेला.

महेशनं कॅबिनेट बाहेर पायरीवर नेलं आणि ब्लोअर मारला. समोरच्या रसवंतीवाल्यानं घाईघाईनं ग्लासांवर फडकं टाकलं. हौसाबाई कमरेवर हात ठेवून ते पांढरे लोट बघत होत्या.

"आमचं पीठ कमी भरतं म्हणून गाव माझ्याशी भांडतंय," त्या म्हणाल्या. "आन् ते हितं बसलं व्हतं व्हय."

प्रोसेसरवर उष्णता ओढून घेणारी नवीन पेस्ट लावली, पंखा साफ केला, कॉम्प्युटर दुसऱ्या खोलीत हलवायला सांगितला. जाताना हौसाबाईंनी महेशनं आधीच काढून ठेवलेला त्या गोळ्याचा फोटो मागून घेतला. आता तो गिरणीच्या भिंतीवर आहे, वजनकाट्याच्या बरोबर वर.

*

सुमनताई सरकारी दवाखान्यातून नर्स म्हणून रिटायर झाल्या. बुद्धविहाराच्या कार्यक्रमांची पत्रकं त्याच तयार करतात. त्यांची तक्रार अशी, की पत्रक टाईप करायला बसलं की कोपऱ्यातून एकामागून एक चौकोन उडी मारून येतात. कुणी म्हणतं वजन कमी करा, कुणी म्हणतं तुम्हाला बक्षीस लागलंय. अक्षर दाबलं की ते उमटायला वेळ लागतो.

मी ब्राउझर उघडला. दिसेल त्या वेबसाईटला त्यांनी सूचना पाठवायची परवानगी दिलेली होती.

"ताई, प्रत्येक वेळी तो विचारतो ना, परवानगी देऊ का? तुम्ही काय दाबता?"

"हो दाबते."

"का पण?"

"इतका नीट विचारतो बिचारा. तीस वर्षं ओपीडीत बसले, दारात आलेल्याला न्हाई म्हणायची सवय न्हाई मला."

आम्ही सगळ्या परवानग्या काढल्या, ब्राउझरला चिकटलेले फालतू टूलबार काढले, कॉम्प्युटर चालू होताना आपोआप उघडणारे प्रोग्राम बंद केले. ब्राउझरला पण सांगून टाकलं, यापुढं विचारूच नको. सुमनताईंचं पत्रक सरसर टाईप व्हायला लागलं.

महिन्याभरानं बाजारात भेटल्या. मी विचारलं, "कसा चाललाय?"

"लई भारी. पण आता कुणी विचारतच न्हाई," त्या म्हणाल्या. "सुनं सुनं वाटतं."

*

घोडेगावचे एक निवृत्त गुरुजी. मुलगा परदेशात. कॉम्प्युटर चालू केल्यावर मुलाशी बोलायचा प्रोग्राम आपोआप उघडेल असं मुलानंच करून ठेवलेलं. फक्त कॉम्प्युटर चालू व्हायला इतका वेळ घ्यायचा, की तिकडे मुलाची कामावर जायची वेळ व्हायची.

त्यांची जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी, म्हणजे नवी वेगवान डिस्क, बसवली. जुन्या डिस्कवरचं सगळं जसंच्या तसं नवीनवर उतरवलं, त्यामुळे काही पुसावं लागलं नाही. फोटो, पासवर्ड, गुरुजींचे भजनांचे फोल्डर, सगळं आपापल्या जागी. बटण दाबलं की लगेच तयार. गुरुजी खूश होऊन गेले.

आठवड्यानं परत आले, बरोबर बाई. म्हणजे त्यांच्या मिसेस, त्याही शिक्षिका होत्या.

"ताई, थोडा स्लो करता येईल का?" गुरुजींनी विचारलं.

महेशनं मान वर केली. आजवर हे कुणी मागितलं नव्हतं.

बाईंनीच खुलासा केला. "आधी ह्यांनी बटण दाबलं की मी केस विंचरायची, साडी नीट करायची, तिकडच्या नातीला आवडते ती टिकली लावायची, मग तो उघडायचा. आता ह्यांना आठवण झाली की दाबतात बटण, आणि मी हातात लाटणं घेऊन परदेशात."

महेशनं स्लो काही केला नाही. तो प्रोग्राम आपोआप उघडणं बंद केलं आणि त्याचं चिन्ह एका बाजूला ठेवलं. सांगितलं, "बाई, तुम्ही तयार झालात की ह्याच्यावर दाबायचं. तोवर मुलाला काही दिसणार नाही."

म्हणजे सगळा ताबा बाईंकडे गेला. गुरुजी कॅबिनेट उचलता उचलता म्हणाले, "घरात माझ्याकडं एवढंच एक बटण राहिलं व्हतं."

*

आता द्रौपदाबाईंचं सांगते.

जत्रांच्या आधी नारायणगावात तमाशाचे फड राहुट्या टाकतात. गावोगावचे लोक येतात आणि आपल्या जत्रेसाठी फड ठरवून जातात. अशा एका फडाचे मॅनेजर दत्तूभाऊ कॉम्प्युटर घेऊन आले. "गावकरी येऊन चहा पिऊन जात्यात तरी ह्यो उघडत न्हाई. सीझन तोंडावर आलाय. फॉरमॅट मारा."

महेशनं विंडोजचा पेनड्राईव्ह लावला सुद्धा. तेवढ्यात मला आतून आवाज आला. टक, टक, आणि मग गप्प. डिस्क मरायला टेकली की असा आवाज करते. फॉरमॅट मारूनही कॉम्प्युटर स्लोच राहिला असता.

"दत्तूभाऊ, आत महत्त्वाचं काय आहे?"

"काय न्हाई. पोस्टर हायेत. आन् आत्याची गाणी."

आत्या म्हणजे द्रौपदाबाई. फड त्यांच्याच गळ्यावर उभा राहिला होता. पुढं घशाचं ऑपरेशन झालं आणि गाणं बंद पडलं.

"ती गाणी दुसरीकडे कुठं आहेत?" मी विचारलं.

"हितंच," दत्तूभाऊ म्हणाले. मग खुर्चीवर बसले.

महेशनं पेनड्राईव्ह काढून घेतला. डिस्क बाहेर काढून दुसऱ्या मशीनला लावली आणि एकेक फाईल उतरवायला घेतली. मधेच अडकायचं, डिस्क गप्प व्हायची. तो तिला थंड होऊ द्यायचा, पुन्हा लावायचा. जेवणाचा डबा तसाच राहिला. एरवी दर दहा मिनिटांनी मोबाईल बघणारा माणूस त्या दिवशी मोबाईल कुठं ठेवलाय हेही विसरला. संध्याकाळपर्यंत गाणी निघाली. त्यानंतर डिस्क पुन्हा चालू झाली नाही.

दुसऱ्या दिवशी दत्तूभाऊ आत्यांना घेऊन आले. बारीक चणीच्या, नऊवारीतल्या. बोलणं इतकं घोगरं की जवळ जाऊन ऐकावं लागायचं. महेशनं त्यांना खुर्ची दिली आणि एक गवळण लावली.

दुकानात दोन-तीन गिऱ्हाइकं होती, ती स्पीकरजवळ सरकली. असा आवाज आमच्या त्या छोट्या स्पीकरमधून कधी आला नव्हता. द्रौपदाबाई मान खाली घालून ऐकत होत्या. बोटं टेबलावर ठेका धरत होती. मधेच बोटं थांबली.

"बंद कर."

"काय झालं आत्या?" दत्तूभाऊ घाबरले.

"हितं घाई केलीया मी," त्या म्हणाल्या. "पोरा, तेवढंच परत लाव."

महेशनं मागं घेऊन परत लावलं. ती ओळ आली तशा द्रौपदाबाई आपल्या बसलेल्या आवाजात ती म्हणायला लागल्या. स्पीकरमधली गवळण पुढं गेली. द्रौपदाबाई मागून, सावकाश, एकेक शब्द ठेवत आल्या. एका ठिकाणी आवाज उमटलाच नाही, नुसती हवा आली. तिथंही त्यांनी जागा पुरी घेतली आणि समेवर येऊन थांबल्या.

द्रौपदाबाईंनी पदर सावरला, उठल्या, दारात जाऊन चपला घातल्या.

"आता बरूबर झालं," त्या महेशला म्हणाल्या. "ह्येच ठेव. आधीचं पुसून टाक."

महेशनं माझ्याकडं बघितलं. आम्ही काहीच रेकॉर्ड केलं नव्हतं.

"ठेवतो, आत्या," तो म्हणाला.