कझाकस्तानच्या रेल्वेसाठी कुवेतचा चिखल

ऐन जुलैत, सकाळच्या उन्हात, रिग्गईतल्या आमच्या बिल्डिंगखाली कारखान्याच्या बसची वाट बघणारी अर्चना लांबूनही ओळखू यायची. बाकीची माणसं सावलीच्या चिंचोळ्या पट्टीत भिंतीला चिकटून उभी असायची आणि हिच्या हातावर आतून लोकर लावलेला, गुडघ्यापर्यंत येणारा कोट. पिशवीत कानटोपी आणि हातमोजे. हा कोट तिने सूक अल-जुमा, म्हणजे शुक्रवारच्या बाजारात, जुन्या कपड्यांच्या ढिगातून उपसून काढला होता. विकणाऱ्याने कौतुकाने विचारलं होतं, मॅडम कुठे निघालात, कॅनडाला का? तिने खरं तेच सांगितलं, की इथेच, शुऐबाला, कामावर. तेव्हा त्याने कोट जरा घाईनेच पिशवीत भरून दिला.

मी समोरच्या फ्लॅटमध्ये राहते. त्यामुळे यातलं बरंचसं मी स्वतः पाहिलंय, आणि थोडं तर माझ्या न्हाणीघरातच घडलंय. ते पुढे सांगते.

अर्चना अंबाजोगाईची. रसायनशास्त्र शिकलेली. लग्न होऊन कुवेतला आली ती हरीशबरोबर. हरीश इथल्या एका बँकेत हिशेब बघतो, शांत माणूस. त्याचं इथलं एकच दुःख म्हणजे त्याचं नाव. अरबीत बिल्डिंगच्या रखवालदाराला हारिस म्हणतात. जिन्यात कुणी ‘या हारिस’ अशी हाक मारली की हा मान वळवतो, आणि एकदा तर कुणाचं तरी गॅसचं सिलिंडर वर नेऊन देऊन आला. मुलगी आर्या शाळेत जायला लागल्यावर अर्चनाने नोकरी शोधली आणि फोमचे बोर्ड बनवणाऱ्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत लागली.

हे बोर्ड थर्माकोलच्या जातीचे, पण बरेच कडक. कुवेतमध्ये ते गच्चीवर, फरशीच्या खाली घालतात, म्हणजे ऊन घरात उतरत नाही. वर्षानुवर्षं कारखाना हेच करत होता. मग एके दिवशी कारखान्याच्या मुदीरने, म्हणजे मॅनेजरने, अर्चनाला बोलावून सांगितलं की कझाकस्तानातून विचारणा आली आहे. तिकडच्या एका रेल्वेमार्गाखाली घालायला बोर्ड हवेत, थंडीसाठी.

अर्चनाला आधी वाटलं, ऐकण्यात चूक झाली. रुळांना कसली थंडी वाजते? पण आठवडाभर वाचल्यावर तिला त्या विषयाचं वेडच लागलं. संध्याकाळी चहाला आली की आम्हाला ती हेच ऐकवायची. तिकडे हिवाळ्यात जमीन वरून गोठत जाते. माती बारीक असेल तर ती खालच्या ओलीतून पाणी वर ओढून घेते, त्याचे बर्फाचे पापुद्रे एकावर एक साठतात आणि जमीन फुगते. रस्ता असो, रूळ असो, सगळं घेऊन वर येते. बरं, सारखी तरी यावी. इथे वर, तिथे खाली. मग वसंतात बर्फ वितळला की त्याच जमिनीचा लगदा होतो. खडीखाली बोर्ड अंथरला तर जमिनीतली ऊब वर निसटत नाही, माती गोठत नाही आणि रूळ जागेवर राहतो.

“म्हणजे बोर्ड तोच,” हरीश म्हणाला, “फक्त उलटं काम करणार.”

“त्याला उलटं-सुलटं काही नसतं,” अर्चना म्हणाली. “तो दोन्हीकडून सारखाच हट्टी आहे.”

तिकडच्या रेल्वेची एक अट होती. त्यांचा इंजिनियर कुवेतला येऊन स्वतःच्या डोळ्यांनी चाचणी बघणार. त्यासाठी कारखान्यात हिवाळा तयार करणं भाग होतं. मुदीरने एका बंद पडलेल्या आइस्क्रीमच्या धंद्यातून जुनी कोल्ड रूम उचलून आणली. दारावर आंब्याच्या कोनचं हे एवढं चित्र, आणि आत कितीही धुतलं तरी व्हॅनिलाचा वास. त्या वासात, कोट-टोपी घालून, अर्चनाने दोन मोठे टब मांडले. दोन्हींत माती, तळाशी थोडं कोमट ठेवलेलं पाणी, वर खडी आणि खडीवर रुळाचा हातभर तुकडा. एका टबात खडीखाली बोर्ड, दुसऱ्यात नाही. रूळ किती वर येतो ते दाखवायला प्रत्येकावर घड्याळासारखा एक काटा.

माती म्हणून तिने कारखान्याच्या मागचीच वाळू भरली होती. बरेच दिवस टब गोठवले. बोर्डवाला रूळ जागचा हलला नाही. मुदीर इतका खूष झाला की त्याने सगळ्या प्रयोगशाळेला कुनाफा, म्हणजे इथली चीजची मिठाई, मागवला. अर्चनाने मात्र कुनाफा खाता खाता दुसऱ्या टबाकडे पाहिलं. बिनबोर्डाचा रूळही हलला नव्हता.

तिने हे सांगितलं तेव्हा मुदीर म्हणाला की मग तर दुप्पट चांगलं. त्याला समजावण्यात तिची अर्धी दुपार गेली. वाळू भरड असते, ती पाणी वर ओढत नाही, त्यामुळे फुगत नाही. मुळात आजारच नसलेल्या माणसाला औषध देऊन बरा झाला म्हणण्यासारखं आहे हे, पाहुणा पहिल्याच मिनिटाला ओळखेल. बारीक, गाळाची माती हवी. मुदीरने खिडकीबाहेर क्षितिजापर्यंत पसरलेल्या वाळवंटाकडे बघितलं आणि ती कुठून आणायची ते तिचं तिने बघावं असं सांगितलं.

इथे इद्रीसभाई मदतीला आले. ते कारखान्याचा माल ट्रकांवर चढवून देण्याचं काम बघतात, मूळचे दाभोळचे, खाडीकाठी वाढलेले. त्यांनी अर्चनाला सांगितलं की ताई, चिखल ना, सुलैबिखातच्या किनाऱ्यावर ओहोटीला नजर पोचेल तिथपर्यंत चिखलच असतो, अगदी आमच्या खाडीसारखा. शुक्रवारी सकाळी ते दोघं आणि हरीश असे तिघं बादल्या घेऊन गेले. इद्रीसभाई पँट दुमडून सराईतासारखे आत शिरले. हरीश त्यांच्या मागून गेला आणि त्याची एक चप्पल अजून तिथेच आहे.

चिखल लोण्यासारखा बारीक होता. पण समुद्राचा, म्हणजे खारट, आणि खारट माती लवकर गोठत नाही. तेव्हा मीठ धुऊन काढायला हवं. गोडं पाणी घालायचं, ढवळायचं, गाळ खाली बसू द्यायचा, वरचं निवळ काढून टाकायचं, पुन्हा पाणी. प्रयोगशाळेच्या मोऱ्यांत चिखल घालायला मुदीरने साफ मनाई केली. म्हणून अर्चनाने तो घरी आणून बाथटबमध्ये ओतला.

त्यानंतर कितीतरी दिवस ते कुटुंब आमच्याकडे आंघोळीला येत होतं. सकाळी दार उघडलं की खांद्यावर टॉवेल टाकून हरीश उभा, त्याच्या मागे कपड्यांची पिशवी धरून आर्या. तिचं मत स्पष्ट होतं. “ममा हॅज लॉस्ट इट,” ती माझ्या नवऱ्याला म्हणाली, आणि तिने आमच्याकडेच नाश्ता करायला सुरुवात केली.

मग एका संध्याकाळी खालच्या मजल्यावरच्या बाईच्या न्हाणीघरात जाळीतून चिखल वर यायला लागला आणि घरभर समुद्राचा वास सुटला. बिल्डिंगचा रखवालदार चौकशीला वर आला. दार वाजवून त्याने सांगितलं, “अना हारिस.” म्हणजे मी रखवालदार. आतून हरीशने उत्तर दिलं, “मी पण.” दोघांचा उलगडा होईपर्यंत अर्चनाने बाथटबवर चादर टाकली होती. त्या गृहस्थाने चादर उचलून बघितली, काही न विचारता पुन्हा नीट अंथरली आणि गटार साफ करायचा पंप आणायला गेला. मला वाटतं, इतकी वर्षं इथल्या बिल्डिंगींतून काम करून तो कशालाच नवल मानत नसावा.

धुतलेल्या मातीने मात्र पांग फेडले. बिनबोर्डाच्या टबातला काटा सरकायला लागला. अर्चना कोल्ड रूममधून बाहेर येऊन, चष्म्यावर धुकं साचलेल्या अवस्थेत, इद्रीसभाईंना सांगत सुटली, “उचलायलंय, भाई, उचलायलंय.” ते आत जाऊन बघून आले. रुळाचा तुकडा खडीसकट वर आला होता, थोडा तिरका. बोर्डवाला आपला शांत पडून होता.

अशा वेळी, ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात, पाहुणे आले. येरलान त्यांचं नाव. रुंद खांद्यांचे, ठेंगणे, लाल गालांचे. विमानतळाच्या दारातून गाडीपर्यंत चालतानाच त्यांचा चेहरा असा झाला की इद्रीसभाईंना वाटलं, यांना थेट दवाखान्यात न्यावं. कारखान्यात आल्यावर मुदीर त्यांना आधी ऑफिस, मग यंत्रं दाखवणार होता. पाहुण्यांनी कोल्ड रूम कुठे आहे एवढंच विचारलं. आत गेले ते नुसत्या शर्टावरच, आणि एका उलट्या खोक्यावर बसून त्यांनी इतका लांब श्वास सोडला की आपल्यासमोर कुणाला तरी जीवदान मिळतंय असं अर्चनाला वाटलं. मुदीर दोनदा डोकावला आणि दात वाजवत परत गेला. पाहुणे काही उठेनात. मग अर्चनाने थर्मासमधून चहा आणला आणि कोट घातलेली बाई आणि नुसत्या शर्टातला पाहुणा असे दोघं व्हॅनिलाच्या वासात चहा पीत बसले. येरलान मोडक्या इंग्रजीत बोलायचे, पण अडायचं नाही.

“जमीन वर आली हे तुम्हाला कळतं कसं?” अर्चनाने विचारलं.

“ड्रायव्हर फोन करतात,” ते म्हणाले. “सगळा हिवाळा ते माझ्या वडिलांना शिव्या देतात. वडील बिचारे मास्तर होते.”

त्यांनी काटे तपासले, टबांना हात लावून पाहिला, माती चिमटीत घेऊन चोळली आणि मान हलवली. पण ती मान होकाराची होती की नुसती विचाराची, हे कुणालाच कळलं नाही. उद्या पुन्हा बघू, म्हणाले.

आणि दुसऱ्या दिवशी, भर दुपारी, सगळे जेवायला गेलेले असताना, बाहेरच्या तापलेल्या हवेत कॉम्प्रेसरने मान टाकली. कुणाच्या लक्षात येईपर्यंत बराच वेळ गेला होता. अर्चनाने दार उघडलं तर आत थंडीऐवजी कोंदट, ओली हवा आणि टबांतून थेंब गळण्याचा आवाज. ओहोटी, बादल्या, बाथटब, खालच्या बाईची बोलणी, सगळं डोळ्यांसमोरून गेलं. तिकडे कॉरिडॉरमध्ये मुदीर पाहुण्यांना आणखी एक खजूर, आणखी एक कॉफी असं करत अडवून धरत होता. पाहुण्यांनी खजूर घेतला आणि खात खात ते आत आले.

बिनबोर्डाच्या टबात वरची माती वितळली होती, खाली अजून बर्फ होता, त्यामुळे पाण्याला जायला वाट नव्हती. नुसता लगदा. रुळाचं एक टोक खडीसकट त्यात रुतून बसलं होतं. येरलान वाकले. त्यांनी दुसऱ्या टोकावर अंगठा ठेवून हलकेच दाबलं. तेही खाली गेलं.

“एप्रिल,” ते म्हणाले.

कुणालाच काही कळेना. त्यांनी पुन्हा दाबून पाहिलं, आणि त्यांचा चेहरा खुलला. “हा आमचा एप्रिल आहे. अगदी असाच. मी घरच्यांना सांगून थकलो, त्यांना कळत नाही मी काय करतो ते.” मग ते शेजारच्या टबाकडे वळले. तिथला रूळ सरळ होता. त्यांनी आपला सगळा भार देऊन दाबला, तरी तो सरळच राहिला. खालची माती मुळात गोठलीच नव्हती, तर वितळणार काय? त्यांनी दोन्ही टबांचे फोटो काढले, स्वतःला मध्ये घेऊनही एक काढला, आणि वितळण्याची ही चाचणी कुणाला सुचली, असं विचारलं.

मुदीर म्हणाला, ते आमच्या कार्यक्रमात पहिल्यापासूनच होतं.

“नाही,” अर्चना म्हणाली. “कॉम्प्रेसर बंद पडला.”

मुदीरने डोळे मिटून घेतले. पाहुणे मात्र खदखदून हसले आणि म्हणाले की आमच्याकडेही एप्रिल कुणी ठरवून आणत नाही. बोर्ड त्यांनी पसंत केले. शरद ऋतू संपायच्या आत, जमीन मऊ होती तोवर, ते तिकडच्या एका वाईट पट्ट्यात खडीखाली घातलेही गेले.

फेब्रुवारीत एका हिवाळ्याचा परिणाम बघायला कारखान्यातून कुणीतरी जायचं ठरलं. मुदीरने तिकडचं तापमान मोबाइलवर पाहिलं आणि मोठ्या मनाने अर्चनाचं नाव पुढे केलं. आम्ही सगळ्यांनी तिला आमच्याकडचं होतं नव्हतं ते गरम दिलं. माझ्या नवऱ्याने तर मफलरही.

तिकडे पोचल्यावर येरलान तिला त्या पट्ट्यावर घेऊन गेले. सपाट पांढरं मैदान, दोन रूळ, वर राखाडी आभाळ. पापण्यांवर बर्फ धरत होता. त्यांनी हात पसरून अभिमानाने दाखवलं. तिने पुष्कळ निरखून पाहिलं, पण तिला काही दिसेना. काय बघायचं, असं तिने विचारलं तेव्हा ते म्हणाले, “काहीच नाही. पूर्वी इथे पुष्कळ बघण्यासारखं असायचं.”

मग त्या पट्ट्यावरून गाडीने जायचं ठरलं, म्हणजे स्वतः अनुभव घेता येईल. डब्यात शेगडीची छान ऊब होती. थंडीत उभं राहून ती दमली होती. येरलान समोर बसले होते. पूर्वी गाडी जिथे हादरायची तो पट्टा आता येईल, आता येईल, असं ते सांगत होते एवढं तिला आठवतं. जाग आली तेव्हा गाडी पुढच्या स्टेशनात उभी होती आणि कुणीतरी तिच्या अंगावर घोंगडी घातली होती. येरलान हलक्या आवाजात गार्डला काहीतरी सांगत होते आणि दोघं हसत होते.

परत आल्यावर हरीशने विमानतळावर पहिलं तेच विचारलं. कसा होता तुझा पट्टा?

“मला काय माहीत,” अर्चना म्हणाली. “मी झोपले होते.”