व्हिडिओ कॉलवरचा कौल

"गिलियन-बारे सिंड्रोम आहे," डॉक्टर म्हणाले. घरात कॉलेजला गेलेली मी एकटीच, म्हणून ते माझ्याकडे बघून बोलत होते. मलाही ते नाव नवीनच होतं. शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच नसांवर उलटते, एवढं समजलं.

पिरंगुटला कंपनीत असताना पप्पांच्या पायांना मुंग्या आल्या, तिथून सुरुवात झाली. मग पाय उचलेनात, मग हात, मग श्वास पुरेना. त्यांना व्हेंटिलेटरवर, म्हणजे श्वास देणाऱ्या मशीनवर ठेवलं. शुद्ध होती, पण फक्त डोळे हलायचे.

पुढे डॉक्टरांनी ट्रेकिओस्टॉमी सुचवली. गळ्याला छिद्र पाडून तिथून श्वासाची नळी बसवायची. "उशीर नको," ते म्हणाले.

आई म्हणाली, "कौल घेतल्याबिगर न्हाई."

आमच्या गावात भैरोबाच्या दोन्ही अंगांना ओली फुलं चिकटवून विचारतात. उजवं आधी पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. कौल लावायचा मान पप्पांचा. आता काका लावणार होते.

काकांनी देवळातून व्हिडिओ कॉल केला. आईने वेटिंग रूममध्ये चपला काढल्या, डोक्यावर पदर घेतला. मी मोबाईल धरून उभी राहिले.

"देवा, दादाच्या गळ्याला..." काका म्हणाले आणि चित्र थांबलं. स्क्रीनवर गोल खूण फिरत राहिली. आई त्या खुणेपुढेच हात जोडून उभी होती. मला काहीच करता येत नव्हतं.

चित्र आलं तेव्हा त्यात फक्त काकांचा चेहरा होता.

"वैनी, उजवा दिला. करा सही."

"भावजी, नीट बघितलं ना?"

"आता देवाम्होरं खोटं बोलू व्हय?" काका म्हणाले, पण दुसरीकडेच बघत.

आईने सही केली.

देवळात सगळे त्याच दोन फुलांकडे बघतात, कुणाला काही सांगावं लागत नाही. हे मला तेव्हा पहिल्यांदा जाणवलं. तुम्ही कुणी अशा वेटिंग रूमच्या बाकावर बसला असाल, तर मी काय सल्ला देणार? काकांचे उपकार मात्र विसरणार नाही. कोणतं फूल पडलं, हेही त्यांना विचारणार नाही.

पप्पा अजून आयसीयूत आहेत. नळीमुळे आवाज नाही, पण आता ओठ थोडे हलतात. काल भेटीच्या वेळी ते काहीतरी विचारत होते. पुन्हा पुन्हा ओठ हलवल्यावर मला कळलं: कौल?

आई म्हणाली, "उजवा दिला. म्या माझ्या डोळ्यांनी बघितला."

पप्पांनी माझ्याकडे बघितलं. मीही मान हलवली.