जपानी मास्तरांचे फडके

जपानी मास्तरांना कोणाच्याही घरात किंवा सभागृहात रिकाम्या हाताने शिरताना मी पाहिले नाही; मात्र त्यांच्या हातात मिठाईचा पुडाही कधी नसे. एक निळी कापडी पिशवी असे. तिच्यात घरात घालायचे कापडी बूट आणि जुना टॉवेल दुहेरी घडी घालून शिवलेले एक फडके. दारात बाहेरचे बूट काढून पिशवीतले पायात चढवायचे, आणि कार्यक्रम संपून मंडळी जेवणाच्या रांगेकडे धावली की बाह्या दुमडून, ओणवे होऊन, आपल्या आसपासची जमीन पुसून काढायची. अमेरिकेतल्या एडिसन गावच्या बहुतेक मराठी माणसांनी हे दृश्य एकदा तरी पाहिले आहे. पाहिले सर्वांनी, समजले किती जणांना, ह्याविषयी मला शंका आहे, आणि त्या शंकेपायीच मी लिहायला बसलो आहे.

मास्तर गेल्यानंतर आमच्या मराठी मंडळाच्या अंकात त्यांच्यावर पानभर श्रद्धांजली छापून आली. फोटो चांगला होता. मजकुरात एक वाक्य असे होते: 'जपानमध्ये इंग्रजीचे शिक्षक म्हणून गेलेल्या मास्तरांना तेथे झाडलोटीचे कामही करावे लागले, परंतु तो अपमान त्यांनी हसतमुखाने सोसला.' अंक हाती पडताच मी मंडळाचा कार्यवाह तुषार ह्याला फोन केला. मुलगा पुण्याचा, सॉफ्टवेअरमधला, सतत धावपळीत असलेला आणि मनाने चांगला. म्हणूनच त्याच्याशी भांडता येते.

"काका, ट्रिब्यूट आहे यार... सॉरी, काका. पण बघा ना, पॉझिटिव्हच लिहिलंय. स्ट्रगल दाखवलाय."

"स्ट्रगल नव्हता, तुषार."

"पण झाडू तर मारत होते ना तिकडे?"

"मारीत होते."

"मग?"

त्या 'मग?'चे उत्तर फोनवर देण्यासारखे नव्हते. ते येथे देतो.

मास्तर जपानला शिक्षक म्हणून गेलेच नव्हते. ते नवरा म्हणून गेले होते. आम्ही दोघे नागपूरला एका वसतिगृहात राहत होतो. आयुष्यभर एकमेकांना अरेतुरे केले, लिहिताना मात्र मी त्यांना आदरार्थीच लिहिणार. मी पूल बांधायला शिकून अमेरिकेत आलो आणि ते अकोल्याच्या एका शाळेत इंग्रजी शिकवू लागले. त्यांच्या पत्नी सुमतीबाई ह्यांना भातावरील संशोधनासाठी उत्तर जपानमधल्या एका विद्यापीठाचे बोलावणे आले, तेव्हा हे आपली कायमची नोकरी सोडून त्यांच्यामागे निघाले. अकोल्यात ह्यावर पुष्कळ कुजबुज झाली. मास्तरांचे उत्तर ठरलेले असे: "भात तिला कळतो. मला नुसता खाता येतो. मग कोणी कोणामागे जायचे?" बर्फाच्या त्या गावी माध्यमिक शाळेला इंग्रजीसाठी परदेशी शिक्षक हवा होता. त्यांनी अर्ज केला आणि ते शिक्षक झाले. ह्यात दीनवाणे काय आहे, हे मला कोणीतरी दाखवून द्यावे.

एडिसनच्या ओक ट्री रोडवरच्या चहाच्या टेबलांवर आणखी एक कथा फिरत असते. ती अशी की, परदेशी शिक्षक म्हणून त्या लोकांना गोरा माणूस हवा होता, आणि हे समोर आल्यावर त्यांना तेथे कोणी विचारले नाही. पहिला अर्धा भाग खरा आहे. पालकांच्या पहिल्याच बैठकीत एका बाईंनी अतिशय नम्रपणे विचारले होते, की तुमच्या देशात घरी इंग्रजी बोलतात का. मास्तरांनी सांगितले, "नाही. तुमच्या मुलांसारखेच मीही ते शाळेत, घाबरत घाबरत शिकलो. घाबरणे कोठे सुरू होते ते मला माहीत आहे." पुढच्या थंडीत त्याच बाईंनी त्यांच्यासाठी लोकरीचे मोजे विणून पाठविले. ते मोजे मी पाहिले आहेत. बरेच ढगळ होते, आणि मास्तर ते सर्वांना दाखवीत. मास्तर विनम्र होते असेही अंकात छापले आहे. तेही चूक आहे. ते कमालीचे गर्विष्ठ होते. माझे इंग्रजी ऐकून म्हणायचे, "इंजिनियर, पूल पलीकडच्या काठापर्यंत नेतोस आणि वाक्य मध्येच सोडतोस."

आता झाडलोट. ती शाळा मी स्वतः पाहिली आहे. अंकात लिहिणाऱ्यांपैकी कोणीही पाहिलेली नाही. कचेरीच्या कामासाठी तिकडचे पूल पाहायला गेलो असता वाट वाकडी करून मी मास्तरांकडे राहिलो आणि त्यांच्या वर्गात मागच्या बाकावर बसलो. वर्ग कसला, शांततेची परीक्षा होती ती. मास्तर समोर उभे राहून इंग्रजीत प्रश्न विचारीत आणि मुले माना खाली घालून डेस्ककडे पाहत. पहिल्या रांगेतल्या एका मुलीला त्यांनी तिचा आवडता ऋतू विचारला. ती उठून उभी राहिली, लाल झाली, आणि तशीच बसली. मास्तरांनी तिला धन्यवाद दिले.

जेवण झाले आणि एकदम भिंतीवरच्या कर्ण्यातून संगीत सुरू झाले. मुलांनी डोक्याला रुमाल बांधले, खुर्च्या उलट्या करून डेस्कांवर चढविल्या आणि सारे सामान मागे ढकलले. काहींनी झाडू घेतले. बाकीची मुले ओली फडकी दोन्ही हातांखाली दाबून, कंबर उंच करून, शर्यत लागल्यासारखी लांबलचक ओसरीतून पुसत पळू लागली. जिन्यावर टाय लावलेले एक वयस्कर गृहस्थ गुडघ्यांवर बसून पायऱ्या पुसत होते. ते मुख्याध्यापक होते.

"काही सांडले का रे?" मी मास्तरांना विचारले.

"नाही. साफसफाईची वेळ झाली."

"शाळेला शिपाई नाही?"

"आहे ना. तो वर गळके छप्पर दुरुस्त करतोय. ते आम्हाला येत नाही."

मुख्याध्यापक उठले आणि त्यांनी एक फडके दोन्ही हातांनी, पदवी प्रदान करावी तसे, माझ्यापुढे धरले. मी ते घेतले आणि मास्तरांच्या शेजारी पायरी पुसू लागलो. आमच्या खालच्या पायरीवर तीच पहिल्या रांगेतली मुलगी होती. तिने आपली पायरी पुसून संपविली. मग मान वर न करता, स्वच्छ इंग्रजीत म्हणाली, "सर, युवर फ्रेंड इज व्हेरी स्लो."

मास्तर इतके हसले की त्यांचे फडके बादलीत पडले.

घरी परतताना मी म्हणालो, "ही मुलगी सकाळी मुकी होती." त्यावर मास्तर जे बोलले ते मला आजही शब्दशः आठवते. "वर्गात मी समोर उभा असतो. ती चुकली तर चाळीस तोंडे तिच्याकडे बघतात. इथे कोणी कोणाच्या तोंडाकडे बघत नाही. हात गुंतले की जीभ सुटते. माझा खरा तास हाच, इंजिनियर; सकाळचा नुसता वेळापत्रकातला." आणि थोडे चालून झाल्यावर म्हणाले, "आणखी एक. वर्गात मी पाहुणा आहे. कितीही वर्षे शिकवले तरी पाहुणाच राहीन. फडके हातात आले की मी शाळेतला होतो." ज्याला आमच्या अंकाने अपमान म्हटले, तो त्या परक्या गावात ह्या माणसाच्या दिवसातला सर्वांत मानाचा भाग होता.

सुमतीबाई गेल्यावर त्यांची मुलगी अनघा त्यांना एडिसनला घेऊन आली आणि निळी पिशवी आमच्याही घरी येऊ लागली. चहा झाला की मास्तर उठून आमचा ओटा पुसायला लागत. माझ्या पत्नीला हे मुळीच खपत नसे. एकदा तिने त्यांना ऐकवलेच: "भाऊजी, माझा ओटा स्वच्छ आहे हो!" मास्तर पुसतच म्हणाले, "वहिनी, मी पुसत नाहीये, मी बोलतोय." खरोखरच, सुमतीबाईंच्या शेवटच्या आजारपणाविषयी ते जे काही बोलले ते त्या ओट्यापाशीच, आमच्याकडे पाठ करून. त्यानंतर तिने त्यांना अडविले नाही. उलट चहा झाला की फडके ओले करून ठेवीत असे.

पुढे मंडळाच्या रविवारच्या मराठी शाळेत त्यांनी एक वर्ग घेतला. ही शाळा भाड्याच्या इमारतीत भरते आणि तेथे मराठीत विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला इंग्रजीत उत्तर मिळते. "काल काय जेवलास?" "पिझ्झा, आय थिंक." मास्तरांनी काही दिवस हे ऐकून घेतले आणि मग एका रविवारी शेवटची दहा मिनिटे राखून प्रत्येक मुलाच्या हातात एक फडके दिले. पुढचा संवाद मी दारात उभा राहून ऐकलेला आहे.

"मास्तर, इथे च्युइंगम चिकटलंय."

"खरवड."

"कशाने?"

"पट्टी घे. नखाने नको."

"ई! मास्तर, हे तर ओलं आहे! कुणीतरी आत्ताच लावलंय!"

"मी नाही लावलं! ती खोटं बोलतेय!"

भांडण मराठीत चालले होते. अमेरिकेत जन्मलेली मुले आपसांत मराठीत भांडताना मी त्याआधी कधी ऐकली नव्हती.

पालकांनी बैठक बोलावली. अंकात लिहिले आहे की 'वयोमानामुळे मास्तरांनी वर्गातून निवृत्ती घेतली.' हे असत्य आहे. मी त्या बैठकीला हजर होतो. मृणाल नावाच्या एक डॉक्टर आहेत. त्यांची मुलगी ह्या वर्गात होती. त्या म्हणाल्या, "काका, नो ऑफेन्स, पण मी तिला इथे मराठी शिकायला ड्रॉप करते, फरशी पुसायला नाही. तुम्हाला तिकडे करावं लागलं असेल, आय अंडरस्टँड. आमच्या मुलांना कशाला?"

"ताई, मुलगी वर्गात मराठी बोलते का?"

"नाही ना! तेच तर म्हणतेय मी."

"पुसताना बोलते. घरी जाऊन विचारा तिला."

"तो पॉइंट नाहीये, काका."

तुषारने तोडगा काढला. "मास्तर, असं करू या, क्लीनिंग कॅन्सल करू, क्लास कंटिन्यू करू. सगळे हॅपी."

मास्तरांनी फडक्याची घडी केली, ते पिशवीत ठेवले आणि म्हणाले, "मग बोलणेच कॅन्सल झाले, तुषार. नुसता क्लास माझ्याशिवायही चालेल." एवढे म्हणून ते दारात गेले आणि सावकाश बूट बदलू लागले. गाडीत मी त्यांना रागावलो. "अरे, दहा मिनिटांसाठी वर्ग सोडलास?" ते खिडकीबाहेर पाहत म्हणाले, "त्या दहा मिनिटांसाठीच तर घेत होतो." वयाचा प्रश्न असेल तर मी त्यांच्याहून मोठा आहे, आणि अजून कशातूनही निवृत्त झालेलो नाही.

गेल्या हिवाळ्यात मास्तर गेले. अनघाने पिशवी माझ्याकडे आणून दिली. "काका, ही तुम्ही ठेवता? बूट मात्र तुम्हाला होणार नाहीत."

"फडके होईल," मी म्हणालो.

शोकसभा मराठी शाळेच्या त्याच भाड्याच्या इमारतीत, कॅफेटेरियात झाली. तुषारने अंकातला मजकूर जसाच्या तसा वाचून दाखविला. 'हसतमुखाने' ह्या शब्दावर त्याचा आवाज भरून आला. मग मला दोन मिनिटे देण्यात आली. मी येथे जे लिहिले आहे तेच, पण बरेच मोठ्याने सांगितले. टाळ्या वाजल्या. शोकसभेत टाळ्या वाजल्या, तेव्हाच मी ओळखले की कोणी ऐकलेले नाही. सगळे उठून चहा-ढोकळ्याकडे गेले आणि पाहता पाहता टेबलांखाली चहा सांडला, त्यात ढोकळ्याचा चुरा पडला आणि त्यावरून बूट फिरू लागले.

मी पिशवीतून फडके काढले, बेसिनपाशी जाऊन पिळून आणले आणि खाली बसलो. माझा एक गुडघा शस्त्रक्रियेचा आहे आणि दुसरा त्याहून वाईट, त्यामुळे बसायला वेळ लागला. मृणालबाईंच्या टेबलाशी पोहोचलो तेव्हा त्यांनी गप्पा न थांबविता दोन्ही पाय वर उचलले. "थँक्यू, काका," म्हणाल्या.

तुषार धावत आला. "काका! काका, उठा ना प्लीज. साफसफाईला जॅनिटर आहे इथे!"

"आहे. त्याने सांडले नाही."

"लोक बघतायत, काका."

"बघू देत. आणि पुढच्या अंकासाठी मजकूर घे. लिही: जन्मभर पूल बांधलेल्या ह्या गृहस्थांनी एडिसनमध्ये फरशी पुसली. त्यांचा अपमान झाला नाही. ते हसतमुखही नव्हते, कारण गुडघा दुखत होता."

त्याने खरोखर फोन बाहेर काढला, त्याकडे पाहिले, आणि परत खिशात ठेवला. मग मला उठविण्यासाठी तो खाली बसला. मी उठलो नाही. मुलांना वाटलेल्या फडक्यांपैकी एक पिशवीच्या तळाशी राहिले होते, ते त्याच्या हातात दिले. तो माझ्या शेजारी पुसू लागला. नंतर माझ्याकडे न पाहता, हळू आवाजात म्हणाला, "काका, ते अंकातलं... ते मीच लिहिलं होतं."

"मला ठाऊक आहे," मी म्हणालो. "तिकडे खुर्चीखाली राहिले आहे. तेवढे पूस."