पहिल्या रांगेतली बादली

मीरा रोडच्या नया नगरमधल्या एका जुन्या इमारतीत तळमजल्यावरचे दोन गाळे एक करून नमाजाची जागा केली आहे. मिनार नाही, घुमट नाही; एका बाजूला मोबाईल दुरुस्तीचं दुकान, दुसऱ्या बाजूला बेकरी. तिथली देखभाल यासीन परकार करतात. गोदीतून क्रेन ऑपरेटर म्हणून निवृत्त झाल्यावर कुणीतरी ‘थोडे दिवस बघा’ म्हणून त्यांच्या हातात किल्ली दिली, ती परत मागायला अजून कुणी आलेलं नाही. चटया झाडा, मोटर लावा, पंखा फास्ट की स्लो यावरून भांडणाऱ्या म्हाताऱ्यांना वेगवेगळ्या भिंतींशी बसवा. माणूस मूळचा दापोलीकडचा, तोंडाने फटकळ. हे सगळं ते करायचे आणि करता करता सगळ्यांना ऐकवायचे.

गेल्या वर्षी छत गळायला लागलं. तेही नेमकं पहिल्या रांगेत, इमामसाहेबांच्या पाठीमागे. परकारांनी खाली बादली ठेवली. नमाज संपला की प्रत्येक जण त्यांच्याजवळ येऊन सांगायचा, “चाचा, पानी टपक रहा है.”

“अच्छा? मुझे लगा बाल्टी नमाज पढने आयी है.”

वरच्या मजल्यावर उर्मिला आणि आत्माराम तावडे राहायचे. परळची खोली विकून मीरा रोडला आलेलं जोडपं, मुलगी लग्न होऊन पुण्याला. परकार वर गेले. उर्मिलाताईंनी साखळी न काढताच दार किलकिलं केलं.

“ताई, तुमच्या बाथरूमचं पाणी खाली येतंय.”

“आमचं नाही येत.”

“मग काय बेकरीतलं वर चढून खाली येतंय? चटया रोज धुवायला लागतात मला. नापाक पाण्यावर नमाज होत नाही.”

“बघते.” दार बंद.

हे ‘बघते’ कित्येक महिने चाललं. प्लंबर आणला तर त्यालाही दारातूनच परत पाठवलं. नमाजाची जागा चालवणाऱ्या कमिटीचे हाजी शमशाद म्हणाले, “चार आदमी लेके ऊपर जाते हैं.”

“चार आदमी? सुबह मोटर चालू करने को एक नहीं मिलता!” परकार म्हणाले.

एक दिवस सकाळी छताचा पोपडा बादलीत कोसळला. परकार तसेच तणतणत जिना चढले. दार या वेळी उघडंच होतं. आतून उर्मिलाताई हाका मारत होत्या. आत्माराम बाथरूममध्ये प्लास्टिकच्या खुर्चीवरून घसरून भिंत आणि बादलीच्या मध्ये अडकले होते, एक बाजू पूर्ण लुळी. परकारांनी चपला काढल्या, काखेत हात घालून त्यांना उचललं, पलंगावर आणून निजवलं.

“कधीपासून?” त्यांनी विचारलं.

“दीड वर्ष होईल.” उर्मिलाताई धापा टाकत होत्या. “लादी फोडली की बाथरूम बंद. यांना आंघोळीला कुठे नेऊ, सांगा ना.”

“मग हे आधी बोलायचं ना, बाई!”

“का बोलायचं? माझ्या नवऱ्याला स्वतःची आंघोळ जमत नाही, हे सगळ्या बिल्डिंगला सांगत फिरू? परवा एक पोरगा विचारून गेला, खालचे नमाजवाले त्रास देतात का, सांगा, व्हिडिओ काढतो. त्यालाही मी दार लावलं.”

परकार खाली आले. त्यांच्या वुजूखान्यात, म्हणजे नमाजाआधी हातपाय धुण्याच्या जागेत, रांगेने नळ होते, बसायला कट्टे होते आणि पहाटेच्या नमाजानंतर दुपारपर्यंत तिथे चिटपाखरू नसायचं. त्यांनी हाजींना विचारलं, आत्मारामांची आंघोळ तिथे उरकली तर चालेल का. हाजी म्हणाले, मौलानांना विचारा. मौलाना म्हणाले, माझी काही हरकत नाही, पण कमिटीला विचारा. कमिटी म्हणाली, मीटिंगमध्ये ठेवू. मीटिंगमध्ये एसीवर बोलणं झालं, चपलांच्या रॅकवर बोलणं झालं, आणि शेवटी सगळे परकारांकडे वळले. “चाचा, वो लीकेज का क्या हुआ?”

परकारांनी किल्ली टेबलावर आपटली, मग स्वतःच उचलली आणि घरी निघून गेले.

दुसऱ्या दिवशी बेकरीतल्या दोघांना हाताशी घेऊन त्यांनी आत्मारामांना खुर्चीसकट खाली आणलं. खोलीत वापरायला एक कमोडची खुर्ची कुठून तरी मिळवून दिली. वर लादी फुटायला लागली, खाली आंघोळ सुरू झाली. आत्मारामांची जीभ जड झाली होती. “पाणी... गरम,” ते म्हणाले.

“गरम? हॉटेल वाटलं काय तुम्हाला?” असं म्हणून परकार बेकरीत गेले आणि गरम पाण्याचं पातेलं घेऊन आले.

दोन-तीन दिवसांनी हाजी शमशाद दारात येऊन उभे राहिले. परकार मनात उत्तर जुळवून तयार होते. हाजी म्हणाले, “पीठ पे साबुन रह गया है.”

परकारांनी हातातला पाण्याचा मग त्यांच्यापुढे धरला. “तो आप निकालो.”

हाजींनी पायजमा वर खोचला आणि साबण काढला. पण दुसऱ्या दिवसापासून रोज यायला लागले ते सल्ले घेऊनच. पाणी जास्त गरम आहे, टॉवेल ओला आहे, खुर्ची तिरकी आहे.

प्लंबरने आठवडा सांगून महिना लावला. पण गळती थांबली, छताला सिमेंट लागलं, पहिली रांग सलग झाली. उर्मिलाताईंनी नव्या बाथरूममध्ये पाणी काढून ठेवलं, तर आत्माराम खांद्यावर टॉवेल घेऊन दाराकडे तोंड करून बसलेले. “खाली,” ते म्हणाले.

“अहो, असं काय करता? एवढं नवीन केलंय!”

“वर... जोर नाही पाण्याला.”

उर्मिलाताई ओशाळून परकारांना सांगायला आल्या. परकारांनी कपाळावर हात मारला. कुणाकुणाचं ऐकायचं माणसाने? पण ‘नाही’ असं काही त्यांच्या तोंडून निघालं नाही.

“शुक्रवार सोडून,” ते म्हणाले. “शुक्रवारी मला श्वास घ्यायला फुरसत नसते.”

अजूनही कधीकधी सकाळी जिन्याखाली त्यांचा आवाज ऐकू येतो. “अहो, आणताय ना त्यांना? दुपारच्या आत फरशी सुकायला पाहिजे मला!”